आबांचा खुराक

आमच्या घरात तपेलीतले दूध पेल्यांत ओतण्याचे काम गेली तीन वर्षे माझ्याकडे नाही. ते माझ्याकडून काढून घेण्यात आले आहे. काढून घेणारी माझी पत्नी. आणि या बाबतीतला तिचा कठोरपणा पाहता ते मला पुन्हा मिळेल अशी आशा नाही. सकाळी ती आबांचा पेला काठोकाठ भरते, माझा निम्मा भरते, आणि मग क्षणभर माझ्या हातांकडे पाहत उभी राहते. आबांच्या पेल्यातले दोन घोट मी हळूच तपेलीत परत ओतीन अशी तिला धास्ती असते. मी पूर्वी तसे केले आहे. म्हणून मी गप्प बसतो.

ही हकिकत दिवाळीच्या अंकात सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायची ही गोष्ट नव्हे. पण ती घडली ऐन दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे. आणि तिच्यातली चूक चार पुस्तके वाचणाऱ्या कोणाच्याही हातून होण्याजोगी आहे. तेव्हा सांगून टाकतो.

मी कोल्हापुरात तेहतीस वर्षे मुलांना शास्त्र शिकवले आणि सेवानिवृत्त झाल्यावर राधानगरीच्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. राधानगरीचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला पाऊस म्हणजे काय ते कळायचे नाही. आषाढ लागला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, अंगणातून वाहणारे पाणी थांबत नाही, आणि घरात बसलेल्या माणसाला वाचण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. त्या वर्षी मला साठी उलटून दोन वर्षे झाली होती. साठी उलटली की माणूस एकाएकी आयुष्याच्या लांबीविषयी वाचू लागतो. मीही वाचू लागलो.

घरात आबा होते. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी ते तालमीतले पैलवान. खासबागेच्या मैदानात त्यांची एक कुस्ती झाली होती आणि ती बरोबरीत सुटली होती. पण गेल्या साठ वर्षांत सांगता सांगता ती दर वर्षी थोडीथोडी त्यांच्या बाजूने झुकत आली आहे. मी लहान असताना त्यांच्या दंडाला लोंबकळत असे. ते हात आडवा धरायचे, मी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारायचो, आणि ते मला तसाच उचलून अंगणभर फिरवायचे. तो दंड त्या काळी मला घराच्या तुळईइतका भरवशाचा वाटे. कुस्ती सुटली तरी त्यांचा खुराक पुरता सुटला नव्हता. सकाळी म्हशीचे दूध, एक उकडलेले अंडे, रविवारी पांढऱ्या रश्शाची वाटी. एवढ्यावर त्यांचे समाधान असे.

आणि नेमके त्या आषाढात मी उंदरांविषयी वाचले.

उंदरांची कथा जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी काही उंदरांना बेताचे अन्न दिले, काहींना पोटभर दिले. आणि अर्धपोटी उंदीर जास्त जगले. पुढे प्रश्न निघाला, की अन्नातले नेमके काय कमी केल्याने हे घडते? १९९३ साली नॉर्मन ओरेंट्रिच आणि त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. उंदरांना खाऊ द्या हवे तेवढे. फक्त त्या अन्नातले मेथिओनिन नावाचे एकच अमिनो आम्ल पाचव्या हिश्श्यावर आणा. शेकडा ०.८६ होते ते ०.१७ करा. त्या उंदरांचे आयुष्य सुमारे तीस टक्क्यांनी वाढले!

हे अमिनो आम्ल म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. शिक्षकाची खोड आहे. आपण खातो ती प्रथिने म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांच्या माळा. पोट त्या माळा तोडते आणि शरीर त्याच मण्यांतून स्वतःला हव्या तशा नव्या माळा ओवते. काही मणी शरीर घरी बनवते; नऊ मणी मात्र बाहेरूनच आणावे लागतात. मेथिओनिन हा त्या नवांतला एक. पेशीत कोणतेही नवे प्रथिन ओवायला घेतले की पहिला मणी मेथिओनिनचा घालावा लागतो. पाटीवर आधी श्रीगणेशा लिहावा तसा. हा मणी अंडी, दूध, मासे, मटण यांत भरपूर, डाळींत कमी.

तो कमी पडला तर आयुष्य का वाढावे? याचे उत्तर दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत आहे. घरात पाहुणे भरलेले असताना कोणी माळा साफ करायला काढत नाही. पाहुणे नसले, चूल थोडी थंडावली, की मग माळ्यावरची अडगळ खाली येते, मोडके मोडीत जाते, कामाचे पुन्हा वापरात येते. पेशीचेही तसेच. अमिनो आम्लांचा पुरवठा भरपूर असला की ती वाढण्याच्या, बांधण्याच्या मागे असते. तो आटला की ती आपल्याच आतली मोडतोड वेचून तिचे मणी पुन्हा वापरू लागते. या साफसफाईची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हाताऱ्या पेशीत साठणारा कचरा अशा रीतीने निघत असेल, तर आयुष्य वाढण्यात नवल ते काय?

मला हे सारे इतके पटले की दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन हुकूम सोडला. अंडी बंद. पांढरा रस्सा बंद. दूध चहापुरते. श्रावण पुढे होताच. तेव्हा निम्म्या गोष्टी धर्मानेच बंद पडणार होत्या, बाकीच्या मी शास्त्राने बंद केल्या. आणि हा नियम मी एकट्याला लावला नाही. मला लांब आयुष्य हवे होते हे खरे. पण त्याहूनही मला आबा हवे होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची एकेक दिवाळी मोजावी लागते. माझ्या हातात आयुष्य लांबवण्याची किल्ली आली असताना ती मी आपल्यापुरतीच वापरावी, हे मला कृतघ्नपणाचे वाटले.

आबांनी पहिल्या दिवशी पेला हातात घेऊन जरा हलवून पाहिला. म्हणाले, "मास्तर, पेला हलका लागतोय."

मी त्यांना उंदरांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "तू वाचलंयस न्हवं? मग बरोबरच असंल."

माणसाने वाद घातला असता तर मी कदाचित पुन्हा पुस्तक उघडले असते. या एका वाक्याने माझे पुस्तक मिटले ते मिटलेच. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आबा चौथीपर्यंत शिकलेले. मुलगा वाचून सांगतो ते खोटे कसे असेल, हा त्यांचा भाबडा हिशेब. आणि त्या भरवशावर मी साडेतीन महिने त्यांच्या ताटातली एकेक वाटी काढून घेत राहिलो.

पत्नीने दोनदा टोकले. "अहो, मामंजी निम्मी भाकरी टाकून उठतात हल्ली. पूर्वी अंड्याबरोबर जेवण जायचं त्यांना." मी म्हणालो, वयाप्रमाणे भूक कमी होते. ती म्हणाली, "परवा जिना चढताना दोनदा बसले." मी म्हणालो, पावसाळी हवा आहे. आबांचे धोतर सैल झाले तेव्हा तर मला मनातून बरेच वाटले. अंग हलके होते आहे, म्हणजे औषध लागू पडते आहे! माणसाला एकदा सिद्धान्त आवडला की डोळ्यांपुढचा पुरावासुद्धा त्याचीच चाकरी करू लागतो.

मग नरकचतुर्दशी आली. पहाटे चारला बंब पेटला. आई होती तोवर आबांना तेल तीच लावी. ती गेल्यापासून ते काम माझ्याकडे आहे. पाटाभोवती रांगोळी काढली होती, समई लावली होती, उटण्याचा वास सुटला होता. आबा पंचा नेसून पाटावर बसले. मी ओंजळीत कोमट तेल घेतले आणि त्यांच्या उजव्या दंडाला लावले.

माझी बोटे हाडाला लागली.

मी दुसऱ्या दंडाला हात लावला. तिथेही तेच. कातडी होती आणि आत हाड होते. मधले जे काही होते, ज्याला मी लोंबकळत असे, ते नव्हते. ते एका दिवसात गेले नव्हते. रोज माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. पण सदऱ्याच्या बाहीने ते झाकले होते आणि राहिलेले माझ्या उंदरांनी झाकले होते. मी तसाच तेल लावत राहिलो. पाठीला, मांड्यांना, पोटऱ्यांना. आबा समाधानाने डोळे मिटून बसले होते. तेल लावून झाले आणि ते न्हाणीकडे जायला उठू लागले. एकदा उठू पाहिले, बसले. दुसऱ्यांदा हात टेकून पाहिले. मग माझ्याकडे पाहून ओशाळवाणे हसले. "मास्तर, हात दे जरा." मी त्यांना दोन्ही काखांत धरून उचलले. मुलाला उचलावे तसे ते सहज उचलले गेले. त्या पहाटे कारीट फोडताना माझा पाय कापत होता.

पाडवा होताच मी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर तरुण, पण धिम्मे. त्यांनी आबांना खुर्चीत बसवले आणि हात छातीशी बांधून पाच वेळा उठून बसायला सांगितले. आबांना एकदाही जमले नाही. मग डॉक्टरांनी त्यांच्या हाताची पकड पाहिली, वजन केले. बावन्न किलो. काय खाता, असे विचारले. आबा काही बोलेनात. ते माझ्याकडे पाहू लागले. तेव्हा मी उंदरांची गोष्ट सांगितली.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते एवढेच म्हणाले, "सर, त्या उंदरांना ते अन्न कोणत्या वयापासून दिलं होतं?"

मी वाचले होते. कोवळ्या वयापासून. ते पिंजऱ्यात राहिले होते, जिथे जिना नसतो, ओला दगड नसतो, पडणे नसते. आणि ते आकाराने खुजे राहिले होते, हेही त्याच ठिकाणी लिहिलेले होते. मी ते वाचून पुढे गेलो होतो.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितले ते मला घरी येऊन ताडून पाहता आले. २०१४ साली अमेरिकेतल्या काही हजार लोकांच्या आहाराचा आणि आयुष्याचा ताळा प्रसिद्ध झाला होता. पन्नास ते पासष्ट या वयात जे फार प्रथिने, विशेषतः प्राणिज प्रथिने खात होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. पण पासष्टीच्या पुढे चित्र उलटले. तिथे जास्त प्रथिने खाणारेच अधिक टिकले. असले ताळे लोकांच्या तोंडी जबानीवर उभे असतात, तेव्हा त्यांनाही वेदवाक्य मानू नये. पण कारण समजण्याजोगे आहे. तरुण स्नायू थोड्या प्रथिनावर भागवतो. म्हाताऱ्या स्नायूला तेवढेच प्रथिन दिले तर तो दादच देत नाही. त्याला जास्त लागते, आणि त्याच्या जोडीला थोडी मेहनत लागते. निरोगी प्रौढाला किलोमागे दिवसाला पाऊण-एक ग्रॅम पुरते; वृद्धांना एक ते सव्वा ग्रॅम द्यावे असे आता पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. आबांना साधारण साठ ग्रॅम हवे होते. माझ्या राजवटीत त्यांच्या पोटात जेमतेम तीस जात होते.

मूत्रपिंडे ठीक आहेत हे तपासून डॉक्टरांनी आबांचा खुराक पुन्हा सुरू केला. दोन्ही वेळा दूध, रोज अंडे, ताटात हुलग्याचे माडगे नाहीतर मटकीची उसळ, आणि सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठबस. आबांनी तिला "म्हाताऱ्याची बैठक" असे नाव दिले आणि वस्तादाच्या इमानाने ती चालवली. दुधाचे खाते त्याच दिवशी पत्नीकडे गेले.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा वाचू लागलो. पण या खेपेला जरा खाली मान घालून. वाचता वाचता आपल्याच दोन माणसांपाशी येऊन थांबलो. एक कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत १९३३ साली केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला जात होता. त्यांनी सर सी. व्ही. रामन यांच्यापुढे हट्ट धरून तो मिळवला आणि तिथे दूध व कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, ज्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी ट्रिप्टोफेन हे अमिनो आम्ल शोधले त्यांच्या प्रयोगशाळेत. आणि १९३९ साली डॉक्टर होऊन परतल्या. धान्यात लायसिन हा मणी कमी आणि मेथिओनिन पुरेसे; कडधान्यात नेमके उलटे. भाकरीबरोबर उसळ खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आमच्या आजीला हे मणी ठाऊक नव्हते. पण नाचणीच्या भाकरीशेजारी माडग्याची वाटी ठेवायला ती कधी विसरली नाही.

दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. हे वैद्य नव्हेत, आकड्यांचे पंडित. रोमच्या जागतिक अन्न संघटनेत सुमारे दोन दशके त्यांनी संख्याशास्त्राचे काम पाहिले. जग प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी करत होते तेव्हा ते म्हणाले, की आपल्याकडच्या साध्या जेवणात, ते पोटभर मिळाले तर, प्रथिनेही बहुधा पुरेशी येतात. खरी टंचाई पोटभर अन्नाची आहे. आणि माणसाची गरज हा एक ठरलेला आकडा नव्हे, ती माणसामाणसात वेगळी असते, आणि त्याच माणसात दिवसादिवसाला बदलते, असेही त्यांनी मांडले. यावर पुष्कळ वाद झाला. गरिबाला कमी चालते असा सोयीचा अर्थ कोणी काढील, ही टीकाकारांची भीती निराधार नव्हती. पण ते वाचताना मी मनात म्हणालो, की आकड्यांत जन्म घालवलेला हा माणूस सांगतो गरज एक आकडा नव्हे. आणि मी, मुलांना शास्त्र शिकवणारा, एका आकड्याच्या नादाने बापाचे ताट मोजत होतो!

उन्हाळा येईपर्यंत आबा काठी घेऊन रस्त्यापर्यंत जाऊ लागले. पुढच्या पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी आली तेव्हा "मला तळं दाखव" म्हणून हटून बसले. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले आणि त्यांच्या पश्चात पुरे झालेले हे भोगावतीवरचे धरण. त्याच्या तलावात आठ टीएमसीहून जास्त पाणी मावते, आणि तो भरला की त्याचे सात दरवाजे कोणी हात न लावता आपोआप उघडतात. मी रिक्षा केली. आम्ही लांबून तो पांढरा लोंढा पाहत उभे राहिलो.

शरीरातल्या अमिनो आम्लांच्या साठ्यालाही शास्त्रात तळेच म्हणतात, हे मला तिथे आठवले. रोज आपल्या शरीरातली अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिने मोडतात आणि पुन्हा बांधली जातात. पाणी येते, पाणी जाते, पातळी तेवढीच दिसते. जास्त झाले तर इथलेही दरवाजे आपोआप उघडतात, आणि जादा अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो. पण पाऊस आटला तर? चरबीला जसे कोठार आहे तसे प्रथिनांना नाही. ताटातून आले नाही की शरीर आपलेच स्नायू उकलून त्या तळ्यात सोडते. मी आबांच्या तळ्याची पातळी शास्त्रोक्त राखली होती खरी. पण त्यांचेच दंड वितळवून.

तळे पाहून आलो आणि त्याच वर्षी पुतण्या पुण्याहून एक डबा घेऊन आला. टॉरिन! अमिनो आम्लांचाच हा एक चुलतभाऊ. विजय यादव आणि त्यांचे सहकारी यांनी २०२३ साली दाखवले होते, की ते दिल्याने उंदरांचे आयुष्य दहा-बारा टक्क्यांनी वाढते. या नावाचा उगम लॅटिनमधल्या बैलाच्या शब्दात आहे. कारण ते १८२७ साली बैलाच्या पित्तातून वेगळे केले गेले. हे मी आबांना सांगितले, तेव्हा दाजीपूरच्या जंगलात जन्मभर गवे पाहिलेला तो म्हातारा म्हणाला, "मग गवा काय डब्यातलं खातो व्हय?"

आबांचा प्रश्न बिनचूक होता. झाडपाल्यात टॉरिन जवळजवळ नसतेच. गवा ते आपल्याच अंगात बनवतो. माणूसही थोडेफार बनवतो, आणि त्याचे मूळ द्रव्य म्हणजे माझे ते जुने मेथिओनिन! मी डबा फळीवर ठेवला. २०२५ साली दुसऱ्या एका अभ्यासातून निघाले, की निरोगी माणसात वयाबरोबर टॉरिन घटतेच असे नाही. डबा अजून फळीवर आहे.

याचा अर्थ मी शास्त्र सोडले असे नव्हे. ओरेंट्रिच यांचे उंदीर खोटे नव्हते. खोटी होती ती त्यांच्या पिंजऱ्यातून माझ्या माजघरात मारलेली उडी. माझा स्वतःचा पेला अजून निम्माच असतो. पण तोही कधीतरी काठोकाठ भरावा लागेल, हे मला आता ठाऊक आहे. आयुष्याची दोरी लांबवण्याच्या नादात तिचा पीळ उकलू नये, एवढे मी शिकलो.

आणि एक हिशेब सांगायचा राहिला. साडेतीन महिन्यांत गेलेले सारे मांस परत आले नाही. चौऱ्याऐंशीनंतर गेलेले सगळे येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. ते खरे ठरले. आबा जिना चढत नाहीत. त्यांची खाट खाली आणली आहे. मी त्यांना हे एकदा सांगून टाकले. म्हणालो, "आबा, ते माझं चुकलं." त्यांनी पेल्यातले दूध संपवले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "कुस्तीत पाय घसरतोच की. उठायचं."

परवा नरकचतुर्दशी झाली. मी पुन्हा त्यांच्या दंडाला तेल लावले. सत्त्याऐंशी वर्षांचा तो दंड बारीकच आहे. पण बोटांखाली हाडाच्या आधी काहीतरी लागते. तेल लावून झाल्यावर मी सवयीने काखेत हात घालायला वाकलो. आबांनी माझा हात बाजूला केला. मग एक तळवा जमिनीला टेकून, दुसरा गुडघ्यावर ठेवून, "हां" असे म्हणून ते पाटावरून एकटे उठले. बराच वेळ लागला. मी मध्ये पडलो नाही.